तहानेवर वसलेली गावे

अमेरिकेला इतिहास नाही, असे आपल्याकडे पुष्कळदा ऐकू येते. अडीचशे वर्षांचे राष्ट्र, त्याला इतिहास तो कसला असणार! ज्यांच्या गावच्या देवळाची पायरीदेखील याहून जुनी असते, त्यांनी असे म्हणावे यात नवल नाही. पण इतिहास किती जुना आहे, याबरोबरच तो डोळ्यांना किती दिसतो, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ज्याला तगर म्हटले आहे ते आपले तेर घ्या, किंवा कोकणकिनाऱ्यावरचे चौल घ्या. एके काळी समुद्रापलीकडे नाव असलेल्या या पेठा. त्या का ओसरल्या, हे आपण खापरांवरून, नाण्यांवरून आणि परक्या प्रवाशांच्या चार ओळींवरून ताडतो. वाट सरकली, बंदर गाळाने भरले, राज्य बदलले, असे काही तरी कारण देतो आणि पुढे जातो. ते घडत असताना तिथल्या वाण्याला आणि कुंभाराला काय वाटले असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

हीच गोष्ट अमेरिकेतल्या एका रस्त्यावर साठ-सत्तर वर्षांत घडून गेली. पेठ वसली, गजबजली, ओस पडली. आणि हे सारे पाहिलेली माणसे दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसलेली आढळतात. तो रस्ता मी पाहिला, त्याविषयी हे लिहीत आहे.

या रस्त्याचा नंबर ६६. शिकागोहून निघून इलिनॉय, मिझुरी, कॅन्सास, ओक्लाहोमा, टेक्सास, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्निया अशा आठ राज्यांतून तो लॉस एंजेलिसला जाई. १९३६पासून तो थेट समुद्रकाठच्या सांता मोनिकापर्यंत पोहोचला. लांबी सुमारे २,४०० मैल. ११ नोव्हेंबर १९२६ रोजी त्याचा जन्म झाला, पण कागदावर. त्या दिवशी कोणी नवी सडक बांधून दिली नव्हती. गावोगावच्या घोडागाडीच्या वाटा, शेताच्या कडेने जाणारे कच्चे रस्ते, मध्येच चार-दोन मैल पक्के झालेले तुकडे यांची एक माळ ओवली आणि तिला नंबर दिला. सगळी सडक पक्की होईपर्यंत १९३८ साल उजाडले. माळ ओवण्यात पुढाकार होता तो ओक्लाहोमातील टल्सा गावच्या सायरस एव्हरी या गृहस्थाचा. सांता फेकडे जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेने रस्ता नेला असता, तर ओक्लाहोमा बाजूला पडले असते. एव्हरीने त्याला दक्षिणेकडे वाक दिला आणि आपल्या टल्सावरून नेले. रस्ता कोठून जावा, हा तिथे पहिल्या दिवसापासून गावाच्या पोटापाण्याचा प्रश्न होता.

हा प्रवास मी भाच्याच्या मोटारघरातून केला. तिकडे त्याला आर. व्ही. म्हणतात. तीस फूट लांब आणि साडेआठ फूट रुंद असा हा गाडा. आत शेगडी, फ्रीज, न्हाणीघर आणि चार माणसांची अंथरुणे; पोटाखाली चाळीस गॅलन पाण्याची टाकी आणि सांडपाण्याच्या निराळ्या. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते इथे शब्दशः खरे. अशा गाड्याला गावात खोली नको, खाणावळ नको. पेट्रोल भरले की तो पुढे निघाला. वाटसरूच्या गरजेवर जगलेली गावे पाहायला आम्ही अशा वाहनातून निघालो होतो, ज्याला गावाची गरज जवळजवळ नव्हती! ही विसंगती प्रवासभर मनात राहिली.

या वाहनाची जन्मकथाही लहान गावाचीच आहे. आयोवा राज्यात फॉरेस्ट सिटी नावाचे एक शेतीवर जगणारे गाव आहे. १९५८ साली शेतीचे दिवस वाईट आले, तरुण मुले गाव सोडू लागली. तेव्हा जॉन हॅन्सन आणि गावातील इतर व्यापाऱ्यांनी खटपट करून कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीचा प्रवासी घरे बनवण्याचा कारखाना आपल्या गावी आणला. पुढे तोच विनेबेगो या नावाने प्रसिद्धीस आला आणि १९६६पासून तिथे स्वतःच्या एंजिनावर चालणारी मोटारघरे तयार होऊ लागली. गावात मुक्काम करण्याची गरज ज्याने उरत नाही, ते वाहन बनवून एका गावाने आपला जीव वाचवला.

इलिनॉय आणि मिझुरी ही राज्ये हिरवी आणि सुखवस्तू. तिथल्या गावांना शेती आहे, न्यायकचेऱ्या आहेत, कॉलेजे आहेत. रस्ता हा त्यांच्या संसारातला एक जोडधंदा. खरी गोष्ट कॅन्सासपासून सुरू होते. कॅन्सासात हा रस्ता अवघा १३ मैल, पण तेवढ्यात इतिहासाचे चार थर लागतात. गॅलेना हे गाव १८७७ साली शिसे सापडले म्हणून वसले. त्याचे नावच मुळी शिशाच्या धातुकावरून पडले. बॅक्स्टर स्प्रिंग्ज हे टेक्सासहून हाकत आणलेल्या गुरांच्या कळपांचे ठाणे. यादवी युद्धात, ६ ऑक्टोबर १८६३ रोजी, याच गावाजवळ क्वांट्रिलच्या टोळीने उत्तरेच्या फौजेतील सुमारे शंभर माणसे कापून काढली. दोन गावांच्या मध्ये ओढ्यावर १९२३ सालचा काँक्रीटच्या कमानीचा एक सुबक पूल आहे. युद्ध, गुरे, शिसे आणि मोटार. अर्ध्या तासाच्या रस्त्यात एकामागून एक संपलेली ही चार जगे.

ओक्लाहोमात मायामी आणि आफ्टन या गावांच्या दरम्यान या रस्त्याचा एक जुना तुकडा अजून आहे. त्याची रुंदी नऊ फूट! १९२२ साली बांधलेली ही सडक एका मोटारीपुरतीच. समोरून दुसरी आली की दोघींनी एकेक चाक मातीत उतरवायचे. आमचा गाडा तिच्यावर घालण्यात अर्थ नव्हता. तो कडेला उभा करून आम्ही पायीच गेलो. दोन्ही हातांना गवत, मध्ये काळवंडलेली पट्टी. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा हमरस्ता तो हाच, हे मनाला पटवावे लागते.

या रस्त्याची जाहिरात करण्यासाठी १९२८ साली एक अचाट शर्यत झाली. लॉस एंजेलिसहून निघायचे, ६६ नंबरने शिकागो गाठायचे आणि तिथून न्यूयॉर्क. सगळे पायी धावत. १९९ जण निघाले, ५५ पोहोचले. पहिला आला तो याच भागातील फॉयल गावचा अँडी पेन नावाचा विशीतला चेरोकी तरुण. ८४ दिवस धावून त्याने २५,००० डॉलर मिळवले आणि बापाच्या शेतावरचे कर्ज फेडले. फॉयलमध्ये रस्त्याच्या कडेला त्याचा धावता पुतळा आहे. चेरोकींना याच प्रदेशात एकोणिसाव्या शतकात सैन्याच्या पहाऱ्यात चालवत आणले होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या पुतळ्यापुढून सहज पुढे जाववत नाही.

पुढच्या दहा वर्षांत धावणाऱ्यांची जागा पळणाऱ्यांनी घेतली. मंदी आली, पाऊस गेला, नांगरलेल्या माळावरची माती आभाळात उडू लागली. ओक्लाहोमा आणि आजूबाजूच्या राज्यांतून दोन लाखांवर माणसे या रस्त्याने कॅलिफोर्नियाकडे गेली असावीत, असा अंदाज आहे. स्टाईनबेकने १९३९च्या आपल्या कादंबरीत या रस्त्याला मातेची उपमा दिली ती त्यांच्यामुळे. ही माता सर्वांना सारखी नव्हती. १९३६ साली लॉस एंजेलिसचा पोलिसप्रमुख जेम्स डेव्हिस याने शहराचे शंभराहून अधिक पोलिस राज्याच्या सीमेवर धाडले आणि खिशात पैसे नसलेल्यांना परत पिटाळण्याचा उद्योग काही आठवडे चालवला.

ज्याच्या खिशात पैसे होते पण कातडी काळी होती, त्याची तऱ्हा निराळी. या रस्त्यावरच्या कित्येक गावांत सूर्य मावळल्यावर कृष्णवर्णीय माणसाने दिसायचे नाही, असा रिवाज होता. त्यांना कोठे खोली मिळेल, कोठे जेवण आणि पेट्रोल मिळेल, हे सांगणारे एक पुस्तक हार्लेममध्ये राहणारा टपालवाला व्हिक्टर ग्रीन १९३६पासून काढत असे, आणि त्याच्यामागेही ते १९६६पर्यंत निघत राहिले. ओक्लाहोमात लुथर गावाबाहेर थ्रेट नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाने चालवलेला दगडी पेट्रोलपंप आहे. १९९५ साली त्याची राष्ट्रीय वारशात नोंद झाली. रस्त्यावरच्या स्मृतींच्या दुकानांत गुलाबी मोटारी आणि दुधाच्या थंड पेयांची चित्रे ढिगांनी मिळतात. या पंपाचे चित्र मला त्यांत दिसले नाही.

टेक्सासात शिरले की झाडे संपतात आणि गावांचे मूळ स्वरूप उघडे पडते. इथली बहुतेक गावे रेल्वेने वसवली. वाफेच्या एंजिनाला दर काही मैलांनी पाणी लागे. म्हणून टाकी, टाकीपाशी ठाणे, ठाण्यापाशी चार घरे. पुढे मोटार आली. तिला पेट्रोल हवे, तिच्या तापलेल्या रेडिएटरला पाणी हवे, हाकणाऱ्याला कॉफी हवी. सडक लोहमार्गाला धरूनच गेली आणि एंजिनाच्या तहानेवर वसलेली गावे मोटारीच्या तहानेवर जगू लागली.

ग्लेनरिओ याचा उत्तम नमुना. गाव टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या अगदी सीमेवर. न्यू मेक्सिकोत पेट्रोलवर कर अधिक, म्हणून पंप सगळे टेक्सासच्या अंगाला. टेक्सासच्या त्या परगण्यात दारूबंदी, म्हणून गुत्ते सगळे न्यू मेक्सिकोच्या अंगाला. आगगाडी टेक्सासात थांबे, टपाल न्यू मेक्सिकोतल्या कचेरीत जाई. दोन सरकारांच्या मधल्या फटीत इतक्या हुशारीने संसार मांडणारे गाव विरळाच. पश्चिमेकडून येणाऱ्याला त्याच्या मोटेलची पाटी ‘टेक्सासातील पहिले’ अशी दिसे, पूर्वेकडून येणाऱ्याला ‘शेवटचे’. पण या गावाला वाटसरूखेरीज दुसरे काहीच नव्हते. १९७०नंतर काही वर्षांतच चार पदरी महामार्ग त्याच्या बाजूने निघून गेला, १९८० साली रेल्वे कंपनीही बुडाली. २००७ साली त्याची राष्ट्रीय वारशात नोंद झाली, तेव्हा वारसा म्हणून शिल्लक होत्या त्या भिंती. आम्ही तिथे तासभर थांबलो. पडक्या मोटेलच्या आवारात उंच गवत, पंपाच्या चौथऱ्यावर वारा, आणि थोड्या अंतरावर महामार्गाची न थांबणारी घरघर.

हा चार पदरी महामार्ग म्हणजे १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केलेल्या कायद्याचे फळ. गावातून जायचे नाही, चौकात थांबायचे नाही, हेच त्याचे तत्त्व. गावांनी हे मुकाट्याने सोसले असे नाही. न्यू मेक्सिकोच्या विधिमंडळाने १९६३ साली चक्क कायदा केला, की गावाची मर्जी नसेल तर बाहेरून रस्ता काढायचा नाही. वॉशिंग्टनने पैसे अडवण्याची धमकी दिली आणि दोन-तीन वर्षांत कायदा मागे घ्यावा लागला. टुकुमकारी हे गाव त्याआधी मैलोगणती पाट्या लावून सांगत असे, की आमच्याकडे दोन हजार खोल्या आहेत, आजची रात्र इथेच काढा. १९८१ साली महामार्ग त्याच्या बाहेरून गेला. आज तिथे पाच हजारांच्या आसपास वस्ती आहे. जुन्या मोटेलांपैकी काहींचे निऑन दिवे संध्याकाळी अजून लागतात. बरीचशी मात्र बंद आहेत.

न्यू मेक्सिकोतच एका लहान गावातल्या मोटेलमागे गाड्या उभ्या करायची सोय होती, तिथे आम्ही एक रात्र राहिलो. मालक नवसारीकडचे निघाले. अमेरिकेतील निम्म्याच्या आसपास मोटेले आज भारतीयांच्या, त्यातही गुजरात्यांच्या हातात आहेत. जुने मालक विकून जात होते तेव्हा या मंडळींनी ती घेतली, सारे कुटुंब राबवून चालवली. ‘अमेरिकन मालकीचे’ अशा पाट्या आजूबाजूच्या मोटेलांवर लावल्या गेल्या, त्या त्यांनी पाहिल्या आणि सोसल्या. आम्ही मराठी आहोत हे कळल्यावर मालकांनी चहा पाठवला, आणि मग बोलता बोलता हिंदीत म्हणाले, “काका, राग मानू नका, पण तुमच्यासारखे लोक मोटारघर घेऊन येतात, आमच्या पाटीचे फोटो काढतात, आणि झोपतात आपल्या गाडीत. फोटोवर माझे छप्पर कसे शाकारणार?” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीसुनेने त्यांच्याकडे चौघांची न्याहारी मागवली, एवढेच.

रस्ता गेला म्हणजे गाव मेलेच, असा नियम करण्याचा मोह इथवर येईपर्यंत होतो. सांता फे त्याला आडवे येते. ६६ नंबरची सडक आधी या राजधानीवरून जात असे. १९२६च्या निवडणुकीत गव्हर्नर हॅनेट पडला. सांता फेच्या राजकारण्यांनी आपल्याला पाडले असा त्याचा समज. खुर्ची सोडण्याआधीच्या थोड्या आठवड्यांत त्याने सांता रोझा ते मोरिआर्टी असा सरळ रस्ता राजधानी टाळून काढवला. लोक त्याला अजून हॅनेटची थट्टा म्हणतात. पुढे १९३७ साली ६६ नंबर त्याच सरळ वाटेने गेला आणि सांता फे बाजूला राहिले. पण सांता फेचे काही बिघडले नाही. १६१० सालापासूनची ती राजधानी; आपल्या स्वतःच्या कारणासाठी वसलेली.

अ‍ॅरिझोनातील सेलिगमन या गावाला असे कारण नव्हते. रेल्वेचे ठाणे आणि सडकेची पेठ, दोनच आधार. २२ सप्टेंबर १९७८ रोजी महामार्ग सुरू झाला आणि एका दुपारीत गावातून जाणाऱ्या मोटारी थांबल्या. १९८५ साली रेल्वेनेही तिथला मुक्काम उठवला. त्याच वर्षी २७ जूनला ६६ हा नंबरच सरकारी यादीतून रद्द झाला. गावचा न्हावी एंजेल डेलगाडियो हा स्वतः याच गावात जन्मलेला. त्याने १९८७ साली आसपासच्या गावकऱ्यांना जमवून एक मंडळ काढले आणि राज्य सरकारकडून जुन्या सडकेला ऐतिहासिक रस्ता म्हणून मान्यता मिळवली. पुढे आठही राज्यांत तशी मंडळे झाली, १९९९ साली केंद्राने जतनासाठी कायदा केला. प्रवासी परत आले. फरक एवढाच, की पूर्वी ते गरज म्हणून थांबत, आता आठवण विकत घ्यायला थांबतात. एका न्हाव्याने गावाला नवी तहान शोधून दिली. ती किती दिवस टिकेल हे मात्र आठवणी असलेली पिढी किती दिवस टिकते यावर आहे.

सेलिगमनच्या पश्चिमेला पीच स्प्रिंग्ज लागते. हे हुआलापाई लोकांचे मुख्य गाव. १८८३ साली त्यांच्यासाठी राखीव प्रदेश ठरला, त्याच वर्षी रेल्वेही आली आणि तिची एंजिने इथल्या झऱ्याचे पाणी पिऊ लागली. जमीन कोणाची, हा वाद या लोकांनी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९४१ साली तिथे हे मान्य झाले, की पिढ्यान् पिढ्या राहत आलेल्यांचा हक्क कागद नसला तरी हक्कच असतो. पुढे महामार्ग या गावापासून कितीतरी मैल दक्षिणेने गेला. मोटेले बंद पडली, पंप मोडले. हुआलापाई तिथेच आहेत. ते रस्त्यासाठी आलेच नव्हते.

यानंतर ओटमनचा घाट. चाळीस फुटांहून लांब वाहनाला तिथे मनाई आहे. तीस फुटी गाडा वळणावळणावर हाकताना भाच्याच्या तोंडचे पाणी पळाले. जुन्या मोटारींत पेट्रोल टाकीतून नुसत्या उताराने एंजिनात येई, म्हणून कित्येक जण हा चढ मोटार उलटी फिरवून मागे मागे चढत. सोन्याच्या खाणींचे ओटमन गाव १९५२च्या सुमारास नवी सडक निघताच मागे पडले. खाणवाल्यांनी सोडून दिलेल्या गाढवांची संतती आता गावभर हिंडते आणि प्रवाशांकडून चारा मागते.

घाट उतरून कोलोरॅडो नदी ओलांडली की मोहावे वाळवंट. इथे रेल्वेने आपल्या ठाण्यांना इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने नावे दिली होती: अँबॉय, ब्रिस्टल, केडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स आणि पुढे. नाव द्यायला तिथे ना देव होता, ना वस्ती, ना कोणी मूळपुरुष. होती ती फक्त एंजिनाची तहान आणि कारकुनाची वही. गॉफ्स १९३१ साली सडक सरळ केली तेव्हा सुटले, अँबॉय १९७३ साली महामार्गाने सुटले. अँबॉयला १९५९ सालची एक भलीमोठी पाटी वाळवंटात उभी आहे आणि मैलभर दुरून दिसते. आमची पाण्याची टाकी तिथेच तळाला गेली. ती भरायला आम्हाला महामार्गावरच्या मोटारतळाकडे वळावे लागले.

२०२६ साली या रस्त्याच्या जन्माला शंभर वर्षे होतात. शंभर वर्षांत त्याने जे दाखवले, ते आपल्याला तेरच्या खापरांतून नीटसे वाचता आले नव्हते. वाट गाव वसवते ती आपल्या सोयीसाठी, आणि सोय सरली की उठून जाते. त्यात तिचा राग नसतो की लोभ नसतो. टिकतात ती सांता फे किंवा पीच स्प्रिंग्जसारखी, वाट नसतानाही ज्यांना असण्याचे कारण होते अशी गावे. बाकीच्यांचे नशीब सेलिगमनच्या न्हाव्यासारखा माणूस निपजतो की नाही, यावर. आणि असा माणूस निपजला तरी तो काय आठवतो आणि काय विसरतो, यावर गावाचा इतिहास ठरतो.

आपल्याकडे मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटर पुरा खुला झाला. तोही गावे टाळूनच जातो. जुन्या सडकेवरच्या पेठांत, धाब्यांवर, पंक्चरच्या दुकानांत आता काय होत आहे, हे तिथल्या माणसांना विचारून कोणी तरी आजच वहीत टिपून ठेवले पाहिजे. तेरच्या वाण्याला ते विचारायचे राहून गेले.